पोलाद खरं, अश्रू कुणाचे?

सीमा सुरक्षा दलाचे जवान भैरोंसिंग राठोड १९९७ साली ‘बॉर्डर’ चित्रपटात शत्रूच्या रणगाड्याला सुरुंग भिडवताना मेले. खरे भैरोंसिंग २०२२च्या डिसेंबरात जोधपूरला रुग्णालयात वारले, म्हातारपणी. मधली पंचवीस वर्षं ते कोट्यवधी प्रेक्षकांच्या लेखी हुतात्मा होते आणि घरच्यांच्या लेखी घरातले वडीलधारे. सेना पदक त्यांच्याजवळ होतं, लोंगेवालाची आठवण होती, ती सांगायला तोंड होतं. पण सुनील शेट्टीनं पडद्यावर उभा केलेला भैरोंसिंग लग्न होताच बायकोला सोडून आघाडीवर आलेला होता. अशा माणसाचं मरण पटकथेला हवं होतं आणि तिनं ते घेतलं.

४ डिसेंबर १९७१च्या रात्री लोंगेवालाच्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची एक कंपनी होती. माणसं सव्वाशेच्या आतबाहेर. समोर रणगाड्यांची रांग. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि वाळूत अडकलेले रणगाडे एकेक करून टिपले गेले. तोवर ही माणसं जागची हलली नाहीत. आपल्या बाजूचे दोघं गेले. चित्रपटात मात्र ओळखीचे चेहरे एकामागून एक पडत जातात आणि प्रत्येकाच्या मागे एक घर उभं केलेलं असतं: आंधळी आई, नवी नवरी, आजारी बायको. त्या लढाईच्या वर्णनांत एक प्रसंग येतो. चौकीपुढची साधी काटेरी तार अंधारात दिसली, पुढे सुरुंग पेरलेले असणार असं पाकिस्तानी तुकडीला वाटलं आणि हल्ला बराच वेळ तिथेच खोळंबला. पोलादी डब्यांत बसलेली माणसं, पुढे एक तार, आणि वर उजाडायला लागलेलं. याहून मोठं नाट्य कुठल्या पटकथाकाराला सुचणार आहे? पण त्यात कुणाला हुंदका येत नाही, म्हणून ‘बॉर्डर’चं तिकडे फारसं लक्ष नाही.

चित्रपट पाहताना रडू येणं यात गैर काहीच नाही. प्रेक्षक त्यासाठीही जातो. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे आणि या पुस्तकातले सगळे लेख तिच्याभोवती फिरतात. रणगाड्यांच्या चित्रपटांत वस्तूंचा खरेपणा भावनांच्या खोटेपणाला जामीन राहतो. पट्ट्यांवरचा चिखल खरा, तोफेचा हादरा खरा, बाहीवरचा बिल्ला खरा, म्हणून प्रेक्षक निर्धास्त होतो. एवढं सगळं पारखून घेतलंय म्हणजे माणसंही अशीच वागली असणार, अशीच मेली असणार, असं त्याला वाटतं. नेमक्या त्याच वेळी एखादा न झालेला मृत्यू, न बोललेलं वाक्य किंवा न घडलेला सूड त्याच्या पदरात टाकला जातो. पोलादाची खात्री करून घेणारे समीक्षक पुष्कळ आहेत. रणगाडा कुठल्या बनावटीचा, नळी केवढी, १९७१मध्ये हा रंग होता का, यावर ते रात्र रात्र वाद घालतात. अश्रूंची खात्री करायला सहसा कुणी बसत नाही.

हे लेखन गणपतीपुळ्यात झालं. पावसाळ्यात इथला समुद्र खवळतो, पर्यटक रोडावतात, देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा निसरडी होते आणि लॉजच्या जेवणाच्या खोल्या रिकाम्या पडतात. अशाच एका खोलीत आम्ही भिंतीवर चादर लावून चित्रपट पाहायला लागलो. मालगुंड, नेवरे, वरवडे, भंडारपुळे इथली माणसं यायची. कोकणातल्या गावांत मुंबईचे चाकरमानी जितके, तितकेच ‘मिल्ट्री’त जाऊन आलेले. बहुतेक पायदळातले. त्यांच्यात एक निवृत्त दफादार होते, चिलखती दलात टी-५५ रणगाड्यावर आधी लोडर, म्हणजे तोफेत गोळे भरणारा, आणि मग गनर म्हणून वर्षं काढलेले. आम्ही त्यांना दफादारकाका म्हणतो. चित्रपट चालू असताना ते कधी बोलत नाहीत. संपल्यावरही विचारल्याशिवाय नाही.

एकदा कुणीतरी विचारलं, “काका, हा रणगाडा बरोबर दाखवलाय का?”

“टँक बरोबर आहे. लोडर खोटा.”

ते उठले, स्वयंपाकघरातून भरलेला गॅसचा सिलिंडर आणवला आणि जेवणाच्या टेबलाखाली ठेवायला लावला. लॉजवर काम करणाऱ्या एका तगड्या पोराला म्हणाले, टेबलाखाली शिर, हा उचल, वळ, आणि डाव्या हातानं पुढे ढकल. टी-५५च्या शंभर मिलिमीटर तोफेचा गोळा साधारण तीस किलोचा, म्हणजे भरलेल्या सिलिंडरइतकाच. लोडर तोफेच्या उजव्या अंगाला असतो, त्यामुळे शेवटचा रेटा डाव्या हातानंच द्यावा लागतो. पुरतं उभं राहायला जागा नाही. गाडी चालू असताना पायाखालची जमीन हिंदकळते. गोळा सुटला की तोफेचा मागचा भाग झटक्यानं मागे येतो, तिथे हात किंवा खांदा राहिला तर तो गेलाच. मग तापलेलं रिकामं काडतूस बाहेर पडतं, डोळ्यांना झोंबणारा धूर आत कोंडतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या पोरानं दोनदा केलं. तिसऱ्यांदा त्याचं डोकं टेबलाच्या कडेला आपटलं आणि तो हसत हसत बाहेर आला, पण त्याला धाप लागली होती.

“सिनेमातला लोडर कधी दमत नाही,” काका म्हणाले. “आमचा सगळा जीव तिथेच जायचा.”

हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते या वाक्यामुळे. युद्धपट आपल्याला भीती दाखवतात, संताप दाखवतात, त्याग दाखवतात. दमणूक दाखवत नाहीत. रणगाड्यातलं आयुष्य मात्र मुख्यतः दमणूक आहे. डिझेल भरणं, पट्टे ताणणं, फिल्टर साफ करणं, गोळे एकेक करून आत घेणं, रात्री आळीपाळीनं जागणं. चार माणसं एकमेकांच्या घामाच्या वासात दिवसचे दिवस राहतात आणि त्यांच्यातली माया, चिडचिड, अबोला, विश्वास हे सगळं या कामातून तयार होतं. चित्रपटाला हे काम वगळून माया तेवढी हवी असते. मग ती कुठून आणायची? पत्रातून, गाण्यातून, खिशातल्या फोटोतून.

रणगाड्याच्या बाबतीत दिग्दर्शकाची अडचण खरी आहे, ती मान्य करायला हवी. पायदळाच्या शिपायाचा चेहरा उघडा असतो, वैमानिकापुढे काच असते. रणगाडा हा बंद डबा. आतला माणूस बाहेरून दिसत नाही आणि आतून त्यालाही जग एका फटीएवढंच दिसतं. म्हणून आतलं चित्रण बहुधा सेटवर होतं, एखादी भिंत काढून, उजेड सोडून, आणि नकळत खोली मोठी होते. म्हणूनच नायक उठसूट झाकण उघडून वर येतो. याला सरसकट खोटं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी गरीबपूरला ४५ कॅव्हलरीच्या स्क्वॉड्रनचे मेजर दलजितसिंग नारग झाकणातून वर राहून लढाई चालवत असतानाच मशीनगनच्या गोळीनं गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. कमांडर वर येतो, कारण फटीतून रणांगण दिसत नाही. तो पाहण्यासाठी वर येतो. पडद्यावरचा कमांडर आपण त्याला पाहावं म्हणून वर येतो, आणि तो फरक त्याच्या नजरेत लगेच कळतो. नारगांनंतर स्क्वॉड्रनची सूत्रं घेणारे कॅप्टन बलरामसिंग मेहता यांच्या पुस्तकावरून २०२३मध्ये ‘पिप्पा’ आला. पाण्यात पोहणारा पीटी-७६ रणगाडा त्यात मनापासून दाखवला आहे. पण भाऊ, बहीण आणि आईच्या कथेला एवढी जागा लागली की त्या डब्यातली तीन माणसं एकमेकांशी कशी वागत होती, हे शेवटपर्यंत नीट कळत नाही.

डेव्हिड आयरच्या ‘फ्युरी’वर (२०१४) पुस्तकात सर्वांत मोठा लेख आहे. या विषयावरचा तो सर्वांत फसवा चित्रपट आहे, आणि फसवा अशासाठी की त्यात इतकं काही अस्सल आहे. इंग्लंडच्या बोव्हिंग्टन संग्रहालयातला, आजही चालणारा जर्मन टायगर त्यासाठी बाहेर काढला होता. शर्मन रणगाड्याचं पोट, त्यातली वंगणाची घाण, एकमेकांच्या अंगावर पडून झोपणारी पाच माणसं, हे सगळं पाहताना दफादारकाकांनी मान डोलावली होती. पण हळूहळू हिशेब लक्षात येतो. त्या पाचांतला कोवळा नॉर्मन एका जर्मन घरात एका मुलीच्या पियानोशी बसतो, दोघं जवळ येतात, आणि काही मिनिटांत त्या घरावर तोफगोळा पडून ती मरते. युद्धात माणसं अशी मरतात, यात शंकाच नाही. पण या मुलीला जन्म दिला तोच मुळी मारण्यासाठी. तिच्या मरणानं नॉर्मनच्या मनात द्वेष भरायचा आहे, आणि तो भरला की आपल्या मनातही आपोआप भरतो. पुढे पट्टा तुटून एका जागी बसलेला एकच शर्मन शेकडो एसएस सैनिकांशी लढतो. इतका वेळ वंगण आणि घाम दाखवून कमावलेला विश्वास इथे एकदम खर्ची पडतो. ज्या प्रेक्षकानं टायगर खरा आहे हे वाचलेलं असतं, त्याला ही लढाईही खरी वाटते.

शर्मन म्हटलं की आपल्याकडच्या माणसानं एक नाव आठवायला हवं. ते आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य. जन्म अलिबागचा, १९२६चा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस चिलखती दलात दाखल झाले आणि १९६५मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख होते. या रेजिमेंटकडे शर्मन होते, ‘फ्युरी’मधल्या जातीचे, तोवर वीस वर्षं जुने झालेले. समोर पाकिस्तानचे त्यांच्याहून नवे अमेरिकन पॅटन. ८ ते १० सप्टेंबरला पंजाबात असल उत्तरला जी लढाई झाली, ती महायुद्धानंतरच्या सर्वांत मोठ्या रणगाडा-लढायांपैकी एक मानली जाते. भारतीय बाजूनं घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले, शेतांत पाणी सोडलं, आणि उसात रणगाडे दडवून वाट पाहिली. पॅटन चिखलात रुतले, बाजूनं आणि जवळून मारले गेले. लढाईनंतर निकामी पॅटन जिथे रांगेनं उभे करून ठेवले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणायला लागले. वैद्यांना महावीर चक्र मिळालं.

आता हे पडद्यावर आणून पाहा. उसाच्या फडात इंजिन बंद करून बसलेला जुना रणगाडा. सप्टेंबरचा उकाडा, पोलाद तापलेलं, आत चार-पाच माणसं. समोरून पॅटनचा आवाज येतोय आणि हुकूम आहे तो न मारण्याचा, अजून जवळ येऊ दे. गनरचं बोट आणि कमांडरची जीभ, दोन्ही आवरून धरलेली. एवढ्या वेळात कुणी मरत नाही, कुणाला घर आठवायला फुरसत नाही. शौर्य इथे थांबण्यात आहे. थांबणं दाखवायचं तर दिग्दर्शकाला प्रेक्षकाला मोकळं सोडावं लागतं, पार्श्वसंगीताची वेसण काढावी लागते. वैद्यांवर उद्या हिंदीत चित्रपट निघालाच तर तो बहुधा १० ऑगस्ट १९८६ला पुण्यात त्यांच्यावर मोटारीत झाडलेल्या गोळ्यांपासून सुरू होईल, मृत्यूपासून मागे जाईल, आणि ऊस मधल्या कुठल्यातरी दोन मिनिटांत येईल. असं होऊ नये, ही या पुस्तकामागची एक इच्छा.

कुणी म्हणेल, युद्धाचं वर्णन फुगवून सांगणं आपल्याला नवं आहे का? तुळशीदास शाहिरानं तानाजीच्या पोवाड्यात सिंहगडाच्या कड्यावर घोरपड चढवली. तानाजीच्या उमरठ्यापासून मालगुंडपर्यंत कोकणातलं पोरगं न् पोरगं ती घोरपड ऐकत वाढलं. मग ‘बॉर्डर’नंच काय पाप केलं? हा प्रश्न मला अनेक वर्षं पडला आहे आणि त्याचं माझं उत्तर असं. शाहीर डफावर थाप मारून आपल्यासमोर उभा असतो. तो वीराची स्तुती करायला उभा आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. त्याचा आवाज चढतो, तो हात उंचावतो, शेवटी स्वतःचं नावही कवनात घालतो. आमच्या नमन-खेळ्यांत तर रावण मोठा मुखवटा घालून येतो आणि कुणीही त्याला लंकेचा खरा राजा समजत नाही, तरी बायका डोळ्यांना पदर लावतात. या भावनेत फसवणूक नाही, कारण करार उघड आहे. युद्धपटात शाहीर लपलेला असतो. तो डफाऐवजी कॅमेरा हलवतो, पडद्यावर तारीख-वार-ठिकाण लिहितो, ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावतो, आणि स्तुती करतो ती साक्षीदाराच्या आवाजात.

वैद्यांचं दुसरं महावीर चक्र आपल्याला बसंतर नदीवर घेऊन जातं. डिसेंबर १९७१मध्ये शकरगड भागात ते १६ आर्मर्ड ब्रिगेडचे ब्रिगेडियर होते आणि पूना हॉर्स त्यांच्या हाताखाली होती. ही तीच रेजिमेंट, जिचं मूळ १८१७च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्या खर्चानं उभारलेल्या घोडदळात आहे. १९६५मध्ये तिचं नेतृत्व करताना पडलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले. आणि पुण्यातच जन्मलेला एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ला बसंतरपलीकडे गेला. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. अरुणच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव ‘फॅमागुस्ता’. तो पेटला तेव्हा बाहेर पडण्याचा हुकूम झाला. तोफ अजून चालते आहे असं कळवून अरुण आतच राहिला. तो रणगाडा पुढे अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला गेला.

अरुणचं नाव आता घरोघरी पोचलं आहे. पण सेंच्युरियनमध्ये चार माणसं असतात. चालक प्रयागसिंग, गनर नथूसिंग, आणि वायरलेस व लोडिंग सांभाळणारा नंदसिंग. नंदसिंगही त्या दिवशी गेला. तोफ अजून चालते आहे, हे वाक्य अरुणच्या तोंडचं. ती चालवणारे हात मात्र या तिघांचेही होते. आत राहण्याचा निर्णय एकाचा होता, राहिले चौघं. त्या तिघांच्या मनात त्या क्षणी काय होतं? त्यांनी होकार दिला की ते नुसते आपलं काम करत राहिले? मला या प्रश्नानं झोप लागत नाही, आणि रणगाड्यावरच्या चित्रपटानं विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा असं मला वाटतं. एकट्या नायकाची सवय लागलेल्या आपल्या चित्रपटाला चौघांचा नायक उभा करता येत नाही. मग बाकीचे तिघं नायकाचे डोळे भरून यावेत म्हणून मरतात, किंवा त्याच्याकडे कौतुकानं पाहण्यासाठी जगतात.

श्रीराम राघवन यांचा ‘इक्कीस’ १ जानेवारी २०२६ला आला तेव्हा मी भीत भीतच गेलो. त्याला एक गोष्ट आयती मिळालेली होती, आणि ती कुठल्याही कल्पनेहून मोठी आहे. अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, २००१मध्ये ऐंशीच्या घरात असताना फाळणीआधीचं आपलं गाव पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. निघण्याच्या आदल्या रात्री यजमानानं सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. नासेर बसंतरला १३ लान्सर्सचे मेजर होते. राघवन यांनी १९७१ आणि २००१ ही दोन्ही वर्षं शेजारी ठेवली आणि शत्रूला चेहरा दिला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तरीही चित्रपटगृहात आमच्यापैकी कित्येक जण रडले ते नेमकं कुणासाठी, हा प्रश्न उरतोच. वडिलांच्या भूमिकेत धर्मेंद्र होते. चित्रपट पडद्यावर येण्याआधी, २४ नोव्हेंबर २०२५ला ते गेले. त्यांचा थकलेला चेहरा दिसला की आपण एका बापासाठी रडतोय की आपल्या तरुणपणाच्या नटासाठी, हे वेगळं करता येत नव्हतं. यात दिग्दर्शकाचा दोष नाही. पण भावना उसनी कुठून येते हे प्रेक्षकानं ओळखायला हवं, आणि त्याचा सविस्तर विचार चौथ्या लेखात केला आहे.

सॅम्युएल माओझच्या ‘लेबनॉन’बद्दल (२००९) इथे थोडंच सांगतो, कारण तो आधी पाहावा आणि मग लेख वाचावा. माओझ १९८२च्या युद्धात स्वतः गनर होता. चित्रपट जवळजवळ पूर्ण रणगाड्याच्या पोटात घडतो. बाहेरचं जग दिसतं ते फक्त गनरच्या दुर्बिणीतून, मध्ये नेमाची फुली. व्हेनिसला त्याला गोल्डन लायन मिळाला. इथली घाण, तळाला साचलेलं काळं पाणी, गोळी झाडायला न धजणारा गनर, हे सगळं भोगलेल्या माणसाचं आहे. तरीही मरणाऱ्या गाढवाच्या डोळ्यातलं पाणी दाखवण्याचा मोह त्यालाही आवरला नाही. दुर्बीण इतक्या सहज एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जात नाही, असं दफादारकाकांचं म्हणणं पडलं. स्वतः तिथे बसलेला माणूसही चित्रपट करायला लागला की प्रेक्षकाच्या डोळ्यांकडे पाहायला लागतो. या कलेचीच ती ओढ आहे, एकट्या हिंदी चित्रपटाची खोड नव्हे, हे मला ‘लेबनॉन’नं शिकवलं.

राहिले राम राघोबा राणे. गणपतीपुळ्याहून किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली गेलं की गोव्यापलीकडे कारवार लागतं, तिथल्या चेंडिये गावचे. जन्म १९१८चा. १९४८च्या एप्रिलमध्ये बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट म्हणून ते नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांच्या पुढे होते. रस्त्यात सुरुंग, पाडलेली पाइनची झाडं, दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून मशीनगन आणि उखळी तोफांचा मारा. ८ तारखेलाच त्यांची माणसं पडली, ते स्वतः जखमी झाले. तरी ११ तारखेपर्यंत ते वाट मोकळी करत राहिले आणि राजौरीपर्यंत रणगाडे पोचले. या कामात एके ठिकाणी ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, दोन दोर चालकापर्यंत नेले, आणि गाडीच्या चालीबरोबर खालून सरपटत गेले. एक दोर ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. डोक्यावर टनावारी पोलाद, पुढे सुरुंग, हातात दोर.

त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते घ्यायला ते जिवंत होते. १९९४मध्ये पुण्यात वारले. त्यांच्यावर मोठ्या पडद्यासाठी केलेला चित्रपट माझ्या पाहण्यात आलेला नाही. ‘फ्युरी’च्या शेवटी नॉर्मनही रणगाड्याखाली शिरतो, लपायला. तिथे एक कोवळा जर्मन सैनिक त्याला पाहून न पाहिल्यासारखं करतो, आणि आपले डोळे पाणावतात. राण्यांच्या प्रसंगात डोळे पाणावत नाहीत. श्वास अडकतो, तळहाताला घाम येतो, आणि गाडी आणखी वीतभर पुढे सरकते.

पुस्तकातले लेख कुठल्याही क्रमानं वाचले तरी चालतील. फक्त शेवटचा शेवटीच वाचावा. त्यात राण्यांच्या त्या चार दिवसांवरचा चित्रपट कसा असावा, ते मी प्रसंगवार मांडलं आहे. वरचा चालक कोण, त्याला खालचं काहीच दिसत नसताना दोराचा ताण कसा कळत असेल, पाइनचा ओंडका हलवायला किती माणसं लागत असतील, रात्री ती काय खात असतील, याच्या टिपणांनी तो लेख भरला आहे. त्यात गाणं नाही आणि घरून आलेलं पत्र नाही. मराठीत किंवा कोंकणीत कुणा दिग्दर्शकाला त्यातलं काही उचलावंसं वाटलं तर खुशाल उचलावं, माझं नाव घालण्याची गरज नाही. सुरुवात करण्याआधी एखाद्या निवृत्त लोडरला मात्र गाठावं, आणि त्याला आधी बोलू द्यावं.

गणपतीपुळे, २०२६